ज्वारीच्या सुगीतली साक्ष

फाल्गुनात ज्वारीची ताटं वाळली की त्यांच्या पानांचा एक आवाज होतो. कागद चाळल्यासारखा म्हणावा तर कागद इतका कोरडा नसतो. मी राहात्याजवळ राहते. तिथं पेरूच्या बागा आहेत, पाटाचं पाणी आहे, हिरवं बघून डोळे निवतात, पण हा आवाज तिथं नाही. परवा आईचा फोन आला, "पमे, जवारी उपटाया आली. रविवारी सुगीचा सण हाय. येतीस न्हवं?" तिच्या बोलण्यामागं वारा वाहत होता आणि त्या वाऱ्यात मला तो आवाज नीट ऐकू आला. येते म्हटलं. फोन ठेवून प्रयोगशाळेतले हातमोजे पुन्हा चढवले.

दोन वर्षांपूर्वीची एक सुगी माझ्या अंगात रुतून बसली आहे. ज्वारीच्या कणसाची बारीक कूस अंगाला लागली की जशी मानेवर, मनगटावर चरचरत राहते आणि कितीही अंघोळ केली तरी जात नाही, तशी.

आमच्याकडं पारनेरच्या बाजूला रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. कॉलेजातल्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्यांना मी थापा मारते आहे असं वाटलं होतं. वाकायचं, दोन-तीन ताटं दोन्ही हातांच्या मुठीत बुडाशी धरायची, कमरेतून हिसका द्यायचा, मुळांची माती पायावर आपटून झाडायची, ताटं आडवी टाकायची आणि पुन्हा वाकायचं. एवढंच काम. दिवसभरात माणूस किती वेळा वाकतो ते कुणी मोजत नाही. हाताला फोड येतात ते दिसतात, त्यांना हळद-तेल लावता येतं. कमरेच्या आत काय होतं ते दिसत नाही.

माझा थोरला भाऊ शमुवेल हा उपटणीतला दांडगा गडी. गाव त्याला शामू म्हणतं, मी दादा. लहानपणी तो मुद्दाम मला बांधाकडची लांबलचक पात द्यायचा आणि मी रडकुंडीला आले की हसत हसत माझ्या पातीतली निम्मी ताटं स्वतः उपटून टाकायचा. वर म्हणायचा, "तुझ्या हातात आपला पेनच बरा, माय." पेन माझ्या हातात राहिला तो असा. तो दहावीनंतर रानात राहिला, मी शिकत राहिले, आणि आमच्या घरात ही वाटणी झाली आहे असं कुणी कधी म्हटलं नाही.

त्या वर्षी परतीचा पाऊस लवकर थांबला होता. जमीन अशी आवळून बसली होती की ताट उपटताना अर्धं मोडून हातात यायचं. मजूर सुप्याच्या कारखान्यांत जातात, ते कशाला येतील? दादा आणि वहिनी दोघंच उपटत होते. मी रजा घेऊन गेले होते, म्हणजे बांधावर बसून पेंढ्या बांधल्यासारखं करत होते. सकाळचं ऊन नुकतं तापायला लागलं होतं. दादा एका ताटाला वाकला तो वाकलेलाच राहिला.

"काय रं झालं, शामू?" आई लांबून ओरडली.

"काय न्हाई," तो म्हणाला. मग जरा थांबून, तसाच वाकलेला, "आतमंदी कायतरी सुटल्यावानी झालं."

नगरला नेऊन तपासण्या केल्या. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फुटून तिचा गर बाहेर आला होता आणि डाव्या पायाची नस त्याखाली दबली होती. डॉक्टरांनी दादाला पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं आणि वरून बोटानं दाबून धरलं. उजवा अंगठा डॉक्टरांच्या बोटाला दाद देईना. डावा अंगठा लगेच खाली गेला. डॉक्टर साधं बोलणारे होते. म्हणाले, "अजून ताकद आहे थोडी. ऑपरेशन लवकर करू. नस फार दिवस दबून राहिली तर पाऊल कायमचं पडतं, मग ऑपरेशन करूनही परत येईल असं नाही." पुढच्या आठवड्यातला गुरुवार ठरला. दादानं मान हलवली. मधे रविवारी सुगीचा सण होता, तेवढा घरी करू म्हणाला.

आता मी काय काम करते ते सांगायला हवं, कारण सगळं तिथंच बिघडलं.

दोन मणक्यांमधल्या गादीत मधोमध एक मऊ गर असतो. तरुण माणसाचा गर कोवळ्या ताडगोळ्यासारखा असतो, पाणीदार. वय झालं, ओझी उचलली, की तो चिवट आणि धागेदार होतो. त्या गरातल्या बहुतेक पेशी थकलेल्या असतात, पण काही थोड्या अजून नवा गर तयार करू शकतात. त्या वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या आणि खराब झालेल्या गादीत परत सोडायच्या, असं स्वप्न जगभरात बरेच लोक बघतात. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमही बघतात. त्यांच्या हाताखाली मीही. अडचण अशी की पेशी ओळखायच्या म्हणजे एरवी त्यांना काहीतरी रंग, काहीतरी खूण चिकटवावी लागते, आणि अशी खूण चिकटलेली पेशी पुन्हा माणसाच्या अंगात घालायची म्हटलं की धाकधूक असते. म्हणून आम्ही खूण न लावता निवडतो. काचेच्या पट्टीएवढ्या एका तुकड्यात केसाइतकी बारीक नळी जिलेबीच्या वेटोळ्यासारखी फिरवलेली असते. तिच्यातून पेशी वेगानं सोडल्या की मोठ्या एका काठानं धावतात, लहान दुसऱ्या काठानं. शेवटी नळीला दोन तोंडं फुटतात. एकातून हव्या त्या येतात, दुसऱ्यातून नको त्या. कुणाच्या अंगावर काही लिहिलेलं नाही, आपापल्या अंगकाठीप्रमाणं त्या वेगळ्या होतात. पहिल्यांदा हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं. आईची आठवण आली होती.

आई खुडणीच्या आधी बियाण्याची कणसं निवडते. पेंढ्यांच्या ओळीतून चालत जाते, एखादं कणीस तळहातावर तोलते, अंगठा एकदाच दाण्यांवरून फिरवते आणि ते ओच्यात टाकते किंवा सोडून देते. दोरा बांधत नाही, खूण करत नाही, का निवडलं ते तिला सांगता येत नाही. "हाताला कळतंय," एवढंच. निवडलेली कणसं आढ्याला टांगून ठेवते आणि पुढच्या वर्षाची पेरणी त्यांचीच.

दादा नगरहून परत आला त्या संध्याकाळी मी आईला हेच सांगितलं. म्हटलं, आई, तू कणसं निवडतेस ना, अगदी तशाच आम्ही पेशी निवडतो. माझ्या त्या उपमेवर मीच खूश होते. आई चुलीपुढं बसून ऐकत होती. भाकरी उलटवून तिनं विचारलं, "बी चांगलं निवडशीला, मान्य. पर रान कसं हाय?"

मी हसले. आईला विज्ञान कळत नाही म्हणून हसले. प्रश्न बरोबर होता हे कळायला मला पुढं वर्ष गेलं.

आमचं घराणं पणजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. गावाबाहेर पत्र्याचं छोटं चर्च आहे, त्याला आम्ही देऊळच म्हणतो, आणि सुगीचा सण तिथला सगळ्यांत मोठा, आमच्या लेखी नाताळापेक्षाही. त्या दिवशी प्रत्येक घर रानातली पहिली पेंढी घेऊन येतं. वेदीपुढं ज्वारी, हरभऱ्याचे डहाळे, कांदे, कुणाची कोंबडी पाय बांधून ठेवलेली आणि ती प्रवचनभर कुरकुरत असते. प्रवचन झालं की पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मग एकेक जण उभं राहून देवानं या वर्षी आपलं काय भलं केलं ते सांगतं. कुणाची म्हैस वाचलेली असते, कुणाच्या पोरीचं लग्न जमलेलं असतं. साक्ष दिली की ती दिली. ती माणसाच्या नावाला चिकटते, वर्षभर लोक तिच्यावरून हटकतात. आमच्यात जमिनीच्या कागदापेक्षा साक्षीला जास्त मान.

त्या रविवारी दादा भिंतीला टेकून, तोंड आवळून बसला होता. मंडळीतल्या बायका येऊन आईच्या हाताला धरून हळहळत होत्या. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला ते बघवेना एवढंच नव्हतं. गावातून शिकून गेलेली मी एकटी, मला काहीतरी म्हणायचं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी उठले. वेदीपुढच्या पेंढीतलं एक कणीस हातात घेतलं आणि बोलायला लागले. काय बोलले ते सगळं आठवतं, आठवायचं नसलं तरी. आई कणसं निवडते, तसं देवानं माझ्या हाताला निवडायला शिकवलं. फुटलेल्या गादीतलं चांगलं बी आम्ही वेगळं काढतो आहोत. पुढच्या सुगीपर्यंत त्यातून काहीतरी उगवलेलं दिसेल असा माझा विश्वास आहे.

प्रयोगशाळेत हे वाक्य बिनधोक आहे. पुढच्या वर्षी मार्चपर्यंत काचेच्या बशीत पेशी वाढलेल्या दिसतील, एवढाच त्याचा अर्थ. पण मी ते रानातल्या माणसांपुढं कणीस हातात धरून बोलले होते. त्यांच्या हिशेबात आज निवडलेलं बी पुढच्या सुगीला ताटावर येतंच. कुणीतरी "हालेलूया" म्हणालं. आई पदरानं डोळे पुसत होती. दादा माझ्याकडं बघत होता, एकटक, आणि मला वाटलं, त्याला बरं वाटतंय.

गुरुवारी तो नगरला गेला नाही.

"आता कशाला कापाकापी?" फोनवर म्हणाला. "तुमचं निघतंय न्हवं काय तरी? दम धरतो वाईच."

त्या क्षणी मी एसटी धरायला हवी होती. त्याच्या दारात जाऊन म्हणायला हवं होतं की दादा, आमचं हे बशीतलं काम आहे, माणसापर्यंत यायला वर्षानुवर्षं लागतील, कदाचित कधीच यायचं नाही, तू आजच्या आज चल. मी म्हणाले, "तसं नको रे करू, डॉक्टरांना विचार." इतकं पुळचट. कारण आत कुठंतरी मला आवडलं होतं. माझ्या कामावर माझ्या भावाचा इतका विश्वास बसला, याचा मला आनंद झाला होता. ही कबुली मी अजून कुणापुढं दिलेली नाही.

दुखणं मधे कमी झालं, आणि हेच घातकी. नस मरायला लागली की दुखायचं थांबतं. वैशाखात मी गेले तर ओट्यावर आंबे पिकत घातले होते, त्यांचा वास सगळ्या घराला होता आणि दादा अंगणातून चालत येत होता. फटक, फटक, फटक. डाव्या पायाची चप्पल प्रत्येक पावलाला जमिनीवर आपटत होती. पाऊल वर उचललंच जात नव्हतं. मी त्याला ओट्यावर बसवून अंगठा उचलायला सांगितला. तो अंगठ्याकडं बघत बसला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मग धावपळ. आमची प्रयोगशाळा ज्या मेडिकल कॉलेजात आहे त्याच्याच रुग्णालयात मी ऑपरेशन ठरवलं. तिथं कमरेच्या ऑपरेशनात काढलेला गर, रोग्यानं संमती दिली तर, आमच्याकडं येतो, नाहीतर टाकूनच देतात. संमतीचा कागद दादानं मोठ्या ऐटीत सही करून दिला. नर्सला म्हणाला, "आमच्या घरचंच बियानं हाय, आमच्या पमीकडंच जायाचंय." नर्सला काही कळलं नाही.

नमुन्यांवर नाव नसतं. झाकणावर नुसता आकडा, वय, पुरुष की स्त्री, आणि कुठल्या मणक्यामधला. त्या दिवशी बर्फाच्या डब्यातून एकच नमुना आला. मी मॅडमना सांगायला हवं होतं की हा माझ्या घरातला आहे, दुसऱ्या कुणाला द्या. सांगितलं नाही. गर बशीत काढला. ताडगोळ्याचं नावच नको, भिजवलेल्या सुतळीसारखे धागे होते. ते बारीक केले, पेशी सुट्या केल्या, गाळल्या आणि जिलेबीच्या नळीत सोडल्या. एरवी मी पंप सुरू करून चहाला जाते. त्या दिवशी उभी राहिले. नको त्या पेशींच्या तोंडातून गढूळ थेंब येत राहिले. हव्या त्या पेशींच्या तोंडाखाली ठेवलेली कुपी मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एक कोपरा बघितला, दुसरा बघितला, सगळी बघितली. पुन्हा बघितली. चार-दोन पेशी होत्या, त्याही सुरकुतलेल्या, दुसऱ्या दिवशी बशीला चिकटल्या नाहीत. बाकी निर्मळ पाणी. मॅडमना नंतर सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "घरी जा आज तू." घरी म्हणजे कुठं, ते मला कळेना.

ऑपरेशननंतर दुखणं उरलंसुरलं गेलं. पाऊल आलं नाही. आता चपलेत प्लॅस्टिकची एक पट्टी बसवलेली असते, ती पाऊल उचलून धरते.

रान कसं हाय, हे आईनं विचारलं होतं. मणक्याच्या गादीला रक्तवाहिनीच नसते. तिला जे काही अन्नपाणी मिळतं ते कडेनं झिरपून, थेंबाथेंबानं. फुटलेल्या, वाळलेल्या गादीत तेही पोचत नाही. तिथं निवडक पेशी नेऊन सोडल्या तरी त्या कशावर जगणार? आमच्या बैठकांत या मुद्द्यावर चित्रं काढून तासन्‌तास बोलतात. मी मागं बसून ऐकते आणि मला चुलीपुढची भाकरी दिसते. मी अजून तेच काम करते. येणाऱ्या प्रत्येक नमुन्याचं झाकण उघडताना हा कुणाचा असेल, त्याला कुणी काय सांगितलं असेल, असं मनात येतं. यातून काही निघेल असं आता मला वाटत नाही. निघालंच तर ते दुसऱ्या कुणाच्या भावासाठी असेल, आणि मी इतकी मोठ्या मनाची नाही की तेवढ्यानं माझं भागावं.

काल शनिवारी गावी पोचले. या वर्षी ज्वारी निम्म्याच रानात आहे. आई आणि वहिनी उपटत होत्या. दादा बांधावर पोत्यावर बसून देवळात न्यायची पेंढी बांधत होता. त्या सुगीत माझी जी जागा होती, तिथंच. मी त्याच्या शेजारी बसले. वारं सुटलं होतं, पानं वाजत होती.

"पमे," तो पेंढीला पीळ देत म्हणाला, "माझं बियानं निघालं हुतं का गं?"

दीड वर्षात त्यानं हे चार-पाचदा विचारलं आहे, दर वेळी थट्टेत, आणि दर वेळी मी "ठेवलंय, गोठवून ठेवलंय" म्हणून वेळ मारून नेली आहे. काल मला ते जमलं नाही. कदाचित आई समोरच, उपटणं थांबवून, एक कणीस तळहातावर तोलत होती म्हणून.

"नाही निघालं, दादा," मी म्हणाले. "त्यात काहीच नव्हतं."

"समदं पोचट?"

"सगळं."

त्यानं पेंढीचं टोक दातात धरून गाठ आवळली. रागावला नाही. मग माझा बांध फुटल्यासारखं झालं. मी म्हणाले, माझं चुकलं, मी त्या दिवशी उभं राहून ते बोलायलाच नको होतं, तू माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून थांबलास आणि पाय घालवून बसलास.

"तुझ्या बोलन्यावर?" दादानं माझ्याकडं बघितलं. "अगं, मी काय खुळा हाय व्हय? डाक्टर म्हनला हुता, पाऊल पडंल. मला समजलं हुतं समदं. एका सालात काय मानूस नवा हुतो?"

"मग?"

आई नि वहिनीकडं बघून त्यानं आवाज उतरवला.

"तू मंडळीपुढं उभी ऱ्हायलीस. कनीस हातात धरून साक्ष दिलीस. आई किती रडली त्या दिशी, पाह्यलंस ना? आन् चार दिसांनी तुझा सख्खा भाऊच कापून घ्याया गेला असता, तर लोकं तुला काय म्हनली असती? म्हनून म्हनलं, थांबू एक-दोन म्हैनं. दुखायचं बी कमी झालं हुतं." पेंढी त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. "मग पाऊल पडलं."

पेंढी किती हलकी होती एवढंच लक्षात राहिलं.

आज रविवार. देऊळ भरलं होतं. वेदीपुढं यंदा पेंढ्या कमी आणि कांदे जास्त. एक कोंबडी होती, ती कुरकुरत होती. प्रवचन संपलं आणि पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. दोन-तीन माना माझ्याकडं वळल्या. गेल्याच्या गेल्या वर्षीची साक्ष लोक विसरलेले नव्हते. मागच्या रांगेतून एका बाईनं कौतुकानं मला खुणावलंही, ऊठ की. मी खाली बघत राहिले. सतरंजीवर कुणाच्या तरी पेंढीतले चार दाणे सांडले होते.

शेजारी हालचाल झाली. दादानं एक हात भिंतीला लावला होता, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला होता आणि डावा पाय तसाच ओढून अंगाखाली घेत होता. मी त्याचा शर्ट धरला. हळूच म्हटलं, "नको ना, दादा." त्यानं माझा हात सोडवला.

"पमीच्या कामाबद्दल दोन शब्द बोलायचं हाईत," तो म्हणाला.

उठायला त्याला वेळ लागतो. सगळी मंडळी थांबली होती.